अंतर्गळीचा टाका

धार काढताना माणसानं बोलू नये, गाय दूध चोरते, असं मानसिंगतात्या जन्मभर सांगत आला. आणि त्याच्या पोरानं, सुयोगनं, नेमकं तात्या गाईखाली बसल्यावरच तोंड उघडलं.

"तात्या, बुधवारी मी दवाखान्यात जाणार हाय. ऑपरेशनला."

"का? काय झालं तुला?"

"मला काय न्हाय झालं. पोरं बंद करायचं ऑपरेशन. सोनलच्या जागी मीच करून घेतो."

तात्याच्या गुडघ्यातली बादली कलंडली. शेरभर दूध शेणात गेलं आणि गाईनं वर शेपटीचा एक फटका तोंडावर दिला. तात्यानं गाईला शिवी दिली, पण ती कुणासाठी होती ते गोठ्यातल्या सगळ्यांना कळलं.

सोनल म्हणजे सुयोगची बायको, इंदापूरची लेक. पहिली संस्कृती झाली, मग पाच वर्षांनी विराज. दोन्ही वेळेला पोट फाडून. दुसऱ्या वेळेला रक्ताच्या दोन पिशव्या चढवाव्या लागल्या. तेव्हाच नसही बांधून घेता आली असती, पण पोरगं काचेच्या पेटीत ठेवलेलं, आधी ह्याचं वर्ष निघू द्या, म्हणून सगळ्यांनी हात आखडला. मग तांबी बसवली. ती तिला मानवली नाही, तीन महिने अंगावरून जात राहिलं, पोरगी पांढरीफटक पडली, शेवटी तांबी काढली. आता विराज वर्षाचा होऊन गेला होता आणि सोनलच्या आईचा इंदापुरावरनं दर दोन दिवसांनी फोन यायचा. पोरीला कधी आणताय, ऑपरेशन करून महिनाभर माझ्यापाशी ठेवते. रीतच तशी पडलेली. पोरं बाईनं काढायची, पोटही पुन्हा बाईनंच फाडून घ्यायचं, आणि बाप्यानं दवाखान्याच्या बाकड्यावर बसून चहा प्यायचा. पिंपळी गावात तर ह्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

"बाप्याचं कुठं करत्यात व्हय?" तात्या म्हणाला. "अंगातली रग जाती. उद्या उसाची मोळी उचलायची न्हाय तुला. बैल बडवल्यागत हुईल."

"बडवलेला बैलच की नांगर वढतोय, तात्या."

ह्यावर तात्या जास्तच तापला. तो आणखी काही बोलणार, तोवर गव्हाणीपाशी पेंड कालवणारी यशोदावैनी बोलली. वैनी म्हणजे तात्याच्या थोरल्या भावाची, महिपतीची बायको. महिपती जाऊन नऊ वर्षं झाली होती, तात्याची बायको त्यानंतर तीन वर्षांनी गेली, आणि तेव्हापासून घराचा सगळा भार वैनीवरच होता. सुयोग तिला मोठीआई म्हणायचा.

"करू द्या की भावजी," ती म्हणाली. "पोरीच्या अंगात रक्त हाय का ते बघा जरा. पण मी काय बोलावं म्हणा. मला वांझोटीला ह्यातलं काय कळतंय."

हे ती रागानं नाही म्हणाली. आपला गुडघा दुखतो हे जसं माणूस बोलून जातं तसं बोलली आणि पुन्हा पेंडीत हात घातला. तात्यानं मात्र मान फिरवली आणि रिकामी बादली उचलून बाहेर गेला.

आता तात्या का गेला ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्हीही गावासारखे त्याला नुसता हट्टी म्हातारा समजाल.

साल शहात्तर, आणीबाणीचं. महिपतीचं लग्न होऊन सहा महिने झालेले, वैनी सतराची, पहिल्या दिवाळीला माहेरी गेलेली. महिपती आणि मानसिंग बैलगाडी घेऊन लांबच्या एका बाजाराला निघाले होते. मानसिंगही सतराचाच. त्या दिवसांत जीप दिसली की बापे उसात शिरायचे, दोन दोन दिवस आत राहायचे, बाया भाकरी नेऊन द्यायच्या. कुणाला किती पोरं, लग्न झालं की नाही, हे विचारायला कुणाला वेळ नव्हता. वर नसबंदीचा आकडा पाठवायचा होता. वळणावर जीप आली. मानसिंगनं उडी मारली आणि उसात शिरला. महिपतीनं उडी मारली नाही, कारण कासरा त्याच्या हातात होता आणि जोडीतला एक बैल नवा, बुजरा होता. बैल सोडून कसं पळायचं? तेवढ्यात धरला त्याला. मानसिंग पाचटात पालथा पडून सगळं बघत होता. संध्याकाळी जीपनं महिपतीला परत वळणावर सोडलं आणि त्यानंच गाडी घराकडं हाकली, पाय फाकवून उभ्यानंच. ऑपरेशनचं बक्षीस म्हणून दिलेला तुपाचा डबा त्यानं पाटात फेकून दिला. भावाला म्हणाला, "घरात सांगायचं जांघंत अंतर्गळ उतरली हुती, ती काढली. ह्याच्यावर एक शब्द जादा बोललास तर माझं मेलेलं तोंड बघशील."

मानसिंग बोलला नाही. वैनी माहेराहून आली, वर्ष गेलं, दोन गेली, पाच गेली. तिला झाडपाले झाले, अंगारे झाले, उपास झाले. सासू येता-जाता बोलायची. गावातल्या बायका डोहाळजेवणाच्या पुरणाला तिला हौसेनं बोलवायच्या, कारण तिच्या हाताला चव होती, पण ओटी भरायची वेळ झाली की तिला मागच्या दारानं काहीतरी आणायला धाडायच्या. सुयोगच्या वेळेला, ह्याच घरात, तिला उसाला पाणी धरायला पाठवलं होतं. मानसिंग त्या दिवशी दारात उभा होता. खोरं खांद्यावर टाकून ती गेली ते त्यानं बघितलं होतं. आणि पोरगं झाल्यावर त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं ते तिनंच. पुढं महिपती गेला तरी तात्याचं तोंड काही उघडलं नाही. कुठं बोलायचं आता, असं म्हणत म्हणत अठ्ठेचाळीस वर्षं गेली. म्हणून घरात ह्या ऑपरेशनचं नाव निघालं आणि वर वैनी तसं बोलली, तसा तो बादली उचलून चालता झाला. नसबंदी म्हटली की लोक जुनं काढणार, जुनं निघालं की महिपतीचं निघणार.

दहाच्या सुमाराला अबोली आली. अबोली गावची आशाताई, वस्तीवरचीच पोरगी, तात्याच्या पुढ्यात लहानाची मोठी झालेली. सोनलसाठी लोहाच्या गोळ्या घेऊन आली होती.

तात्यानं शेवटचा डाव टाकला. "माझी सही लागंल का?"

"कुठं?"

"कागदावर. पोराच्या आपरेशनला. बापाची."

"न्हाय तात्या. ज्याचं ऑपरेशन त्याचीच सही. बायकोचीबी लागत न्हाय, बापाची तर न्हायच न्हाय. सोनलनं करायचं ठरवलं असतं तरी सुयोगदादाची सही लागली नसती. ज्याचं अंग त्यानं ठरवायचं."

"मग म्या काय करायचं?"

"तुमी मोटरसायकल चालवायची. येताना त्याला चालवता येणार न्हाय."

सोनलनं पदरात तोंड लपवून हसून घेतलं. तात्याला ते दिसलं, पण सासऱ्यानं सुनेच्या हसण्याकडं बघू नये एवढी लाज त्याच्यात होती.

पंचाईत वेगळीच होती. भवानीनगरच्या कारखान्याला ऊस जाऊन वीस गुंठ्यांचं रान मोकळं झालं होतं, सऱ्या पाडून तयार होत्या आणि पाटाला पाणी आलं होतं ते मोजून पाच दिवस. ह्या पाण्यात नव्या उसाची लागण झाली तर झाली, नाहीतर पुढच्या पाळीपर्यंत रान पडीक. मजूर मिळत नव्हते. आणि सुयोगनं आठवडाभर जड उचलायचं नव्हतं.

"लागण आमी दोघं करतो," वैनी म्हणाली. "म्हाताऱ्यांचे हात काय गळून पडलं न्हायत. तू जा बाबा."

बुधवारी तात्या पोराला घेऊन सरकारी दवाखान्यात गेला. तिथं पांढऱ्या कोटातल्या एका बाईनं सुयोगला खुर्चीवर बसवलं आणि तात्याला म्हणाली, "आजोबा, तुम्ही जरा बाहेर थांबा." तात्या बाहेर म्हणजे पडद्याच्या पलीकडं थांबला. पडद्याला कान नसतात, पण तात्याला होते.

"तुम्हाला कुणी जबरदस्ती केलीय का?" बाई विचारत होती.

"न्हाय."

"घरच्यांनी, साहेबांनी, कुणी काही आमिष दाखवलंय?"

"न्हाय ओ. मीच ठरवलंय."

"ही कायमची पद्धत आहे. दुसरेही उपाय आहेत, ते मी सांगितले. अजूनही नको वाटलं तर उठून जायचं. टेबलावर झोपल्यावर जरी वाटलं तरी सांगायचं, आम्ही थांबतो. कुणी काही बोलणार नाही."

तात्यानं भिंतीला हात टेकला. सरकारच्या खोलीत, सरकारचा पगार घेणारी बाई एका बाप्याला विचारत होती, तुला नको वाटलं तर उठून जा. एवढंच जर कुणी महिपतीला विचारलं असतं. त्याचे डोळे भरून आले आणि त्याला स्वतःचाच राग आला.

"ताकदीत काही फरक पडत नाही," बाई पुढं सांगत होती. "संसार पहिल्यासारखाच. आपण सांगितलं नाही तर बायकोलाही कळत नाही. फक्त तीन महिने दुसरं साधन वापरायचं, मग तपासणी करून घ्यायची."

बायकोलाही कळत नाही. तात्या बाकड्यावर जाऊन बसला आणि पोरगं बाहेर येईपर्यंत जमिनीकडं बघत राहिला.

वीस मिनिटांत झालं. टाका नाही की काही नाही. सुयोग स्वतःच्या पायांनी चालत आला, जरा जपून, आणि मोटरसायकलवर मागं एका बाजूला पाय सोडून बायकांसारखा बसला. पिंपळीच्या फाट्यावर चिंतामणराव बसलेला. ह्या चिंतामणरावाला गावातल्या कुत्र्याला ठसका लागला तरी कारण माहीत पाहिजे.

"काय रं मानसिंग, पोरगं असं का बसलंय?"

"अंतर्गळ हुती," तात्या बोलून गेला. "काढली."

अठ्ठेचाळीस वर्षं जिभेखाली ठेवलेली थाप, ती अशी आयती बाहेर आली. सुयोगनं मागून त्याच्या बरगडीत बोट खुपसलं.

"खोटं कशापायी सांगितलं?" गाव मागं पडल्यावर तो म्हणाला. "मला काय लाज न्हाय."

"तुला न्हाय. गावाला असती."

मग काय विचारता. दुसऱ्या दिवशी सकाळपासून माणसं भेटायला यायला लागली. कुणी सफरचंदं आणली, कुणी पारलेचा पुडा. ज्याला त्याला अंतर्गळीचं पथ्य माहीत. वांगं खाऊ नको, शिंकताना पोट धर, गादीवर झोपू नको. सुयोग लुंगी नेसून कॉटवर बसला होता आणि बापाकडं खाऊ का गिळू असं बघत होता. दुपारी केळांची फणी घेऊन चिंतामणराव आला. त्याची स्वतःची अंतर्गळ दहा वर्षांपूर्वी काढलेली, त्यामुळं तो ह्या विषयातला गावातला मोठा जाणकार.

"दाखव बरं टाका. किती घातलंत?"

"पट्टी हाय आजोबा."

"पट्टी तर दिसत न्हाय कुठं. हितं वर पायजे." चिंतामणरावानं हात पुढं केला, सुयोगनं दोन्ही मुठींनी लुंगी धरली, सोनल विराजला घेऊन आत पळाली. "लाजतोय कशाला? माझा बघ." असं म्हणून म्हाताऱ्यानं सदरा वर करून धोतराची कनवट जरा खाली सारली. जांघेच्या वर चांगला वीतभर लांब, आडवा, पांढरा टाका होता.

वैनी चहा घेऊन आली होती. अशा वेळी बाईमाणूस मागं फिरतं. वैनी फिरली नाही.

"चिंतामणराव, हा टाका म्हातारपणी जात न्हाय का?"

"छ्या. मरेस्तवर जात न्हाय, यशोदाबाई. जिथं अंतर्गळ तिथं हा टाका."

"सगळ्यांनाच?"

"सगळ्यांनाच. फाडल्याबिगर काढत्यात कशी?"

वैनीनं चहाचा ट्रे कॉटवर ठेवला. मग पदर खोचला आणि रानाची वाट धरली. दारात उभ्या असलेल्या तात्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. तात्या कोयता घेऊन तिच्या मागोमाग गेला, कारण पाणी चालू होतं आणि ते सरीसरीत वळवायला, दारं धरायला दुसरं कुणी नव्हतं.

लागणीचं काम असं की एकानं उसाची दोन दोन डोळ्यांची टिपरी तोडायची आणि दुसऱ्यानं सरीतल्या पाण्यात ती पायानं दाबत पुढं जायचं. वैनी गुडघाभर लुगडं वर घेऊन सरीत उतरली. जानेवारीचं पाणी, पायाची बोटं बधिर करणारं. ती टिपरी टाकायची, टाचेनं दाबायची, पाऊल उचलायची. चिखल पायाला सोडत नव्हता. तात्या बांधावर बसून तोडत होता आणि बेण्याच्या टिपऱ्यांची पाटी भरली की डोक्यावर घेऊन तिच्यापर्यंत नेत होता. दुसऱ्या खेपेला त्याचा पाय घसरला आणि तो पाटीसकट सरीत बसला. एरवी वैनी हसली असती. आज तिनं नुसती टिपरी गोळा केली.

तिसऱ्या सरीला ती थांबली.

"भावजी, तुमच्या दादाची अंतर्गळ कुठल्या दवाखान्यात काढली हुती?"

तात्याचा कोयता उसाच्या डोळ्यावरच बसला, टिपरं वाया गेलं.

"लांब. आता ध्यानात न्हाय."

"अकरा महिने ते अंथरुणाला हुते. रोज मी आंघूळ घातली. अंगावरचा तीळ न तीळ मला पाठ हाय. त्यांच्या जांघंला टाका न्हवता."

तात्यानं कोयता खाली ठेवला आणि सांगितलं. जीप सांगितली, बुजरा बैल सांगितला, आपण पाचटात पडून बघत होतो तेही सांगितलं. सांगताना तो तिच्याकडं बघत नव्हता, तिच्या पायाशी गढूळ होणाऱ्या पाण्याकडं बघत होता.

वैनीनं हातातली टिपरी पाण्यात टाकून दिली. मग म्हणाली, "मानसिंग." ह्या घरात आल्यापासून तिनं त्याला नावानं हाक मारली नव्हती. "तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"सुयोगच्या वटीच्या दिशी? मी खोरं घेऊन गेले तवा?"

"व्हय."

"मी त्यांच्या पाया पडले हुते रं. दुसरी करा म्हणून. मी सोता जाऊन पोरगी बघून आले हुते. ते म्हणले, नको, मला तूच पुरे. त्या दिसापासून मी देव मानलं त्या माणसाला. म्हणलं, असा नवरा कुणाला मिळत न्हाय." ती थांबली. "दुसरी केली असती तर तिलाबी झालं नसतं. म्हणून नको म्हणला."

"तसं न्हाय वैनी. जीव हुता त्याचा तुमच्यावर. तुमी जाल म्हणून भ्याला तो."

"जीव हुता तर सांगायचं. मी काय लगीच टाकून गेले असते?" मग जरा विचार करून ती म्हणाली, "गेलेबी असते. सतरा वर्साची हुते. पण जायचं का ऱ्हायचं ते मी ठरवलं असतं. तुमी दोघांनी ठरवून टाकलं."

ती चिखलातून पाय उपसत त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"म्हंजे माझ्यात खोट न्हवती."

"न्हवती."

"परत म्हण."

"न्हवती, वैनी. तुमच्यात कसलीच खोट न्हवती."

मग ती बांधावर बसली आणि रडली. तोंड न झाकता, मोकळ्या आवाजात, पोरीसारखी रडली. तात्यालाही रडू येत होतं, पण आपल्याला रडायचा हक्क आहे असं त्याला वाटेना. शेवटी तिकडं दारं फुटलं आणि पाणी शेजारच्या रानात जायला लागलं. "पाणी बघ जा," वैनी म्हणाली. तात्या पळाला. तिनं पाटात तोंड धुतलं आणि दोघांनी दिवस मावळेपर्यंत अकरा सऱ्या पुऱ्या केल्या.

संध्याकाळी घरात सगळ्यांना तिनंच सांगितलं. सोनल तिच्या कुशीत शिरली. सुयोग बापाशी बोलेना. जेवायची वेळ झाली तशी तिनं सगळ्यांची ताटं वाढली, तात्याचं सोडून.

"तुमची भाकरी तुमी थापा," ती म्हणाली. पुन्हा भावजीवर, तुमीवर आली होती, पण आवाज निराळा होता.

तात्यानं थापली. एका बाजूला जाड, एका बाजूला पार फाटलेली, मधे करपलेली. संस्कृती म्हणाली, "आजोबा, हा कुठला देश हाय?" आणि सोनलला हसू आवरेना. खरं सांगायचं तर वैनीलाही आवरलं नाही. तात्यानं ती भाकरी मुकाट्यानं खाल्ली.

"आणि घरात सांगून भागायचं न्हाय," ती ताटं उचलता उचलता म्हणाली. "मी वांझ घरात न्हवते. गावात हुते. तुमी गावात सांगायचं."

"वैनी, दादाची अब्रू हाय. मेलेल्या माणसाची."

"आणि माझी? मी तर जित्ती हाय अजून."

पुढचे दोन दिवस तात्याची अवस्था बघण्यासारखी होती. लागण पुरी झाली, पाणी पुरलं, रान भिजलं, पण त्याला त्याचं काही नाही. फाट्यावर जाईल, चिंतामणरावापाशी बसेल, घसा खाकरेल आणि हवापाण्याचं बोलून उठेल. वैनी त्याला एका शब्दानं विचारत नव्हती. तेच त्याला जड जात होतं.

शनिवारी संध्याकाळी दूध घालायला डेअरीवर सगळे गेले. सुयोगही गेला, मोकळ्या हातानं. किटल्या सोनल, वैनी आणि तात्यानं उचललेल्या. डेअरीवर त्या वेळेला निम्मी पिंपळी असते. रांगेत पुढं साखरबाई होती, शेजारच्या वस्तीची. तिच्या सुनेला सातवा लागला होता.

"गुरुवारी डोहाळजेवण हाय," साखरबाई म्हणाली. "सोनलला पाठवा. पुरण तेवढं सकाळी यशोदाक्का येऊन शिजवून देईल. दुपारी मग आक्का तू घरी ऱ्हा, लेकराला बघायला कुणी पायजे की."

गोड आवाजात म्हणाली. त्यात तिला वावगं काही वाटतच नव्हतं. वैनीनं किटली काट्यापाशी ठेवली आणि मागं वळून तात्याकडं बघितलं.

तात्यानं टोपी काढली. कशाला काढली ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

"साखरबाई, थांब जरा. सगळीच ऐका." रांगेतली माणसं वळली. "माझ्या दादाला शहात्तर साली धरून नेला हुता. लग्नाला सहा महिने झालं हुतं. त्याची नसबंदी केली. त्याला अंतर्गळ कधीच न्हवती. पोर झालं न्हाय ते त्याच्यामुळं. वैनीत खोट न्हवती. मला पयल्या दिसापासून ठावं हुतं आणि म्या सांगितलं न्हाय. तुमी सगळ्यांनी तिला जे म्हणलं, ते माझ्यामुळं म्हणलं."

दुधाचा काटा बघणारा पोरगाही मान वर करून बसला. चिंतामणरावाच्या तोंडातली तंबाखू तशीच राहिली.

"मग ह्याची?" तो सुयोगकडं बोट दाखवून म्हणाला. "ह्याची तरी अंतर्गळ हाय का?"

"न्हाय," सुयोग म्हणाला. "माझीबी नसबंदीच. पण मला इचारून केली. चार येळा इचारलं त्यांनी, मी चार येळा व्हय म्हणलं."

चिंतामणराव म्हणाला, "आणि माझी केळं?" तेव्हा कुठं माणसं हसली. हसता हसता दोघी-तिघी म्हाताऱ्या वैनीजवळ सरकल्या. एकीनं तिचा हात धरला. वैनीनं तो सोडवून घेतला नाही.

साखरबाईचा चेहरा उतरला होता. "मला काय ठावं आक्का," ती पुटपुटली. "मग ये की गुरुवारी. वटीलाबी थांब."

"थांबणार तर हायेच. आणि वटी पयली मी भरणार. तुझ्या आवारात माझ्यापरीस म्हातारी कोण हाय?"

"पण आक्का, कुंकू..."

"तुझंबी न्हाय. मग तू काय सुनंची वटी शेजारणीकडनं भरून घेणार हाईस?"

साखरबाईला हसू आलं. "बरं बाई, भर. पण लेकराला कोण बघंल?"

"भावजी बघत्याल," वैनी म्हणाली आणि किटली काट्यावर चढवली.

गुरुवारी तात्या विराजला घेऊन घरी राहिला. सकाळी वैनी नवं पातळ नेसून, सोनलच्या हाताला धरून गेली होती. जाताना तिनं भाकरी करून झाकून ठेवली होती, तात्याचीसुद्धा. दुपारी पोरगं किरकिर करायला लागलं तसं तात्यानं त्याला खांद्यावर टाकलं आणि अंगणात येरझाऱ्या घालायला लागला. पलीकडच्या वस्तीवर बायकांचं गाणं सुरू झालं होतं. पहिल्या महिन्याचे डोहाळे, दुसऱ्या महिन्याचे डोहाळे, एकेक महिना घेत गाणं चाललं होतं. चौथ्या महिन्याला बाकीच्या अडखळल्या, कुणाला पुढचं आठवेना, आणि एकच आवाज पुढं निघाला. जाडसर, जरा कापरा, पण सुरात. पाचवा, सहावा, सातवा, एक शब्द न चुकता.

आवाज वैनीचा होता. एका घरात राहून तिला गाता येतं हे तात्याला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. तो पोराला घेऊन बांधाच्या कडेपर्यंत गेला, तिथून नीट ऐकू येत होतं, आणि गाणं संपेपर्यंत उन्हात उभा राहिला.